नातवंडांबरोबर शिकलेली अमेरिकेची राज्यघटना



अमेरिकेहून परत आले की मंदिरात हमखास एक प्रश्न येतो. "तुमची नातवंडं शाळेत जात नाहीत म्हणे! मग दिवसभर करतात काय?" खरं सांगते, तीन वर्षांपूर्वीपर्यंत हाच प्रश्न मी लेकीला विचारत होते, आणि तोही जरा चढ्या आवाजात. आमच्या घरात शिक्षणाला फार मान. सासऱ्यांनी मला लग्नानंतर बी.कॉम.चं शेवटचं वर्ष पूर्ण करू दिलं, त्याची गावात चर्चा झाली होती. त्यांची पणतवंडं शाळेत न जाता स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकणार, हे माझ्या गळी उतरत नव्हतं.

लेक पेन्सिल्व्हेनियात राहते, फिलाडेल्फियापासून तासाभराच्या अंतरावर. नात तेव्हा बारा वर्षांची आणि नातू दहाचा. तिथे होमस्कूलिंग म्हणजे मनाला येईल तसं नव्हे. वर्षाच्या सुरुवातीला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, १८० दिवसांची नोंद ठेवावी लागते, मुलांच्या कामाची फाईल करावी लागते आणि वर्षाअखेर बाहेरची पात्र व्यक्ती येऊन ते काम तपासते. विषयांच्या यादीत नागरिकशास्त्र असतंच. लेक म्हणाली, "आई, गणित आणि विज्ञान आम्ही बघतो. या सहा महिन्यांत नागरिकशास्त्र तू घे."

मी म्हटलं, "अगं, मला आपलंच धड येत नाही, त्यांचं कुठून शिकवू?"

"मलाही शिकायचंच आहे," ती म्हणाली. मग हळूच सांगितलं, की तिने नागरिकत्वासाठी अर्ज केलाय आणि परीक्षा आहे. त्या वेळी १०० प्रश्नांची यादी असे. त्यातले दहापर्यंत प्रश्न तोंडी विचारत आणि सहा बरोबर आले की पास. म्हणजे एका टेबलावर तिघंजण एकच धडा शिकणार होती. मुलं वर्षाअखेरच्या तपासणीसाठी आणि आई भारताचा पासपोर्ट सोडण्यासाठी. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण सकाळी वही उघडली.

सुरुवात मी हिशेबापासून केली, कारण मला तेच येतं.

मुलांना वाटत होतं, १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला आणि लगेच राष्ट्राध्यक्ष वगैरे सगळं सुरू झालं. तसं नाही. आधी १३ राज्यांनी आपसांत एक करार केला, तो १७८१ मध्ये लागू झाला. त्यात मध्यवर्ती काँग्रेस होती, पण तिला कर बसवायचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागायची आणि राज्यं द्यायची किंवा द्यायची नाहीत. युद्धाचं कर्ज डोक्यावर आणि सैनिकांचा पगार थकलेला. करारात बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी. मी नातीला म्हटलं, "समज, तेरा भावांचं एकत्र कुटुंब आहे. आईकडे घरखर्चाची वही आहे, पण पैसे द्यायचे की नाही हे प्रत्येक भावाच्या मर्जीवर. चालेल का घर?" ती म्हणाली, "पहिल्याच महिन्यात बंद पडेल." पडायलाच आलं होतं. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये करांनी आणि कर्जांनी गांजलेले शेतकरी डॅनियल शेज नावाच्या माजी सैनिकाबरोबर उठले, कोर्टं बंद पाडली. तेव्हा सगळे घाबरले.

मग १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात बैठक भरली. र्‍होड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही. बाकीच्या १२ राज्यांचे मिळून ५५ जण येऊन गेले. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्षस्थानी. सर्वांत वयस्कर बेंजामिन फ्रँकलिन, ८१ वर्षांचे. भर उन्हाळ्यात दारं-खिडक्या बंद, कारण चर्चा गुप्त ठेवायची होती. जेम्स मॅडिसन रोज टिपणं लिहून ठेवत, म्हणून आज आपल्याला आतलं सगळं कळतं.

सगळ्यात मोठं भांडण मतांचं होतं. व्हर्जिनियासारखी मोठी राज्यं म्हणत, माणसं जास्त त्याला मतं जास्त. न्यू जर्सीसारखी छोटी राज्यं म्हणत, प्रत्येक राज्याला एक मत. हे भांडण आपल्यालाही नवं नाही. देवस्थानाच्या कमिटीत घरटी एक मत की माणशी एक, यावरून किती वर्षं बोलाचाली झाली ते आठवा. तिथे कनेक्टिकटच्या प्रतिनिधींनी मधला मार्ग काढला. दोन सभागृहं करा. एकात लोकसंख्येप्रमाणे जागा, ते प्रतिनिधिगृह. दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारख्या दोन, ते सिनेट. आज प्रतिनिधिगृहात ४३५ आणि ५० राज्यांच्या हिशेबाने सिनेटमध्ये १०० जण आहेत. नातवाने लगेच बेरीज केली, ५३५. मग राष्ट्राध्यक्ष निवडणारी मतं ५३८ कशी? राजधानीच्या जिल्ह्याला सिनेटर नाही, पण १९६१ च्या घटनादुरुस्तीने त्यालाही राष्ट्राध्यक्ष निवडण्यात वाटा मिळाला. ती तीन मतं. ५३८ ची निम्मी २६९, म्हणून जिंकायला २७० लागतात. आकड्यातून गेलं की मुलं विसरत नाहीत.

तीन अंगांचा धडा मात्र पुस्तकातून कळेना. कायदे करणारी काँग्रेस, अंमल करणारे राष्ट्राध्यक्ष, निवाडा करणारं न्यायालय, हे पाठ झालं. पण तीन वेगळी कशाला? नातू म्हणाला, "एकानेच केलं तर काम लवकर होईल ना, आजी?" तेव्हा मला कॉलेजातला ऑडिटिंगचा तास आठवला. आमचे सर सांगायचे, तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती वही द्यायची नाही, आणि या दोघांचं काम तपासणारा तिसरा असावा. त्यात कोणावर अविश्वास नसतो. माणूस आज चांगला आहे, उद्या मोहात पडेल, म्हणून व्यवस्थाच तशी लावायची. त्या लोकांनी देशासाठी हेच केलं. पैसे मंजूर करणार काँग्रेस, खर्च करणार राष्ट्राध्यक्ष. काँग्रेसचा कायदा राष्ट्राध्यक्ष नाकारू शकतात, आणि दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला तर त्यांचा नकार उडतो. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, पण सिनेटच्या संमतीने, आणि एकदा बसले की तहहयात. १८०३ मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की घटनेत न बसणारा कायदा आम्ही रद्द करू शकतो.

मग आम्ही घरातच सरकार केलं. नात काँग्रेस, नातू राष्ट्राध्यक्ष, आमचे हे सर्वोच्च न्यायालय. काँग्रेसने पहिलाच कायदा केला: शनिवारी रात्री नऊला आईस्क्रीम. राष्ट्राध्यक्षांनी एका सेकंदात सही केली! न्यायालयाने चष्मा पुसला आणि निकाल दिला, "सूर्यास्तानंतर खायचं नाही हा या घराचा मूळ नियम आहे. कायदा रद्द." नात म्हणाली, "मग घटनादुरुस्ती करू." मी तिला दुरुस्तीची रीत सांगितली. तिथे दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश, वर तीन-चतुर्थांश राज्यांची मान्यता, म्हणजे आज ५० पैकी ३८ राज्यं. म्हणून इतक्या वर्षांत फक्त २७ दुरुस्त्या झाल्या. आपल्या घटनेत शंभरावर झाल्या, कारण आपल्याकडे बहुतेक दुरुस्त्या संसदेत होतात, काहींनाच निम्म्या राज्यांची मान्यता लागते. आमच्या घरातल्या दुरुस्तीला आजी-आजोबांचं मत मिळालं नाही. शनिवारचं आईस्क्रीम संध्याकाळी पाचला आलं.

होमस्कूलिंगबद्दलचं माझं कोडंही घटनेतच सुटलं. अमेरिकेच्या घटनेत शिक्षण हा शब्दच नाही. पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१ मध्ये झाल्या. त्यातली दहावी सांगते, की जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना नाकारलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. म्हणून शाळेचे नियम राज्यागणिक वेगळे. नदीपलीकडे न्यू जर्सीत होमस्कूलिंगला जवळपास काहीच कागदपत्र लागत नाही, अलीकडे पेन्सिल्व्हेनियात फाईल आणि तपासणी. ओरेगन राज्याने मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली, तेव्हा १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि मुलं ही केवळ राज्याची नव्हेत असं ठरवलं. त्याच दहांतली पहिली दुरुस्ती धर्माची मोकळीक देते. आणि मूळ घटनेतच लिहिलंय, की सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. आपल्यासारख्या मूठभर समाजाने परमुलखात देरासर बांधलं, मुलांना पाठशाळेत घातलं, तर त्यामागे हा आधार आहे.

ऑगस्टमध्ये आम्ही सगळे फिलाडेल्फियाला गेलो. इंडिपेंडन्स हॉलमधली ती खोली लहानशीच आहे. हिरव्या कापडाची टेबलं, आणि समोर वॉशिंग्टन बसत ती खुर्ची. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय. घटनेवर सह्या होत होत्या तेव्हा फ्रँकलिन म्हणाले होते, की हा सूर्य उगवता की मावळता, हे इतके दिवस कळत नव्हतं, आता वाटतं उगवताच असावा. तारीख १७ सप्टेंबर १७८७, सह्या ३९. बाहेर पडल्यावर श्रीमती पॉवेल नावाच्या एका बाईंनी फ्रँकलिनना विचारलं, आम्हाला काय दिलंत, राजेशाही की प्रजासत्ताक? ते म्हणाले, प्रजासत्ताक, तुम्हाला टिकवता आलं तर. मी नातीला म्हटलं, लक्षात ठेव, त्या बाईला मत द्यायचा अधिकार नव्हता. तरी खरा प्रश्न तिनेच विचारला.

हॉलपासून थोड्या अंतरावर वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहत त्या घराची जागा आहे. तिथे मुलं गप्प झाली. त्या घरात नऊ गुलाम कामाला होते. पेन्सिल्व्हेनियाचा कायदा असा, की बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम सहा महिने सलग इथे राहिला तर त्याला मुक्ती मागता येई. म्हणून वॉशिंग्टन मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर पाठवून परत आणत. ओनी जज नावाची तरुण मुलगी त्यांच्या पत्नीच्या तैनातीला होती. १७९६ मध्ये घरचे जेवायला बसलेले असताना ती निघून गेली, न्यू हॅम्पशायरला पोचली आणि पुन्हा कधीच त्यांच्या हाती लागली नाही.

नात म्हणाली, "आजी, मग 'आम्ही लोक' म्हणजे कोण? ती त्यात होती का?" मला उत्तर द्यायला वेळ लागला. दोन्ही देशांच्या घटना 'आम्ही लोक' म्हणूनच सुरू होतात, ते आम्ही शेजारी-शेजारी ठेवून वाचलं होतं. पण १७८७ मध्ये जागा मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची असा सौदा झाला होता. मतं मालकांची, आणि मोजदादीत गुलामांचं ओझं मालकांच्याच पारड्यात. गुलाम हा शब्द मात्र कुठेही लिहिला नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर खोटी नोंद होती, आणि लिहिणाऱ्यांना ती खोटी आहे हे माहीत होतं. मी तिला तेच सांगितलं. थोर माणसांनी केलेलं पाप लपवून मुलांना इतिहास शिकवू नये, असं माझं मत आहे. आपण रोज प्रतिक्रमणात आपल्या चुका मोठ्याने म्हणतोच ना?

ती नोंद दुरुस्त व्हायला यादवी युद्ध व्हावं लागलं. १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने सांगितलं, की इथल्या कायद्याखाली इथे जन्मलेला माणूस इथला नागरिक. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मत नाकारायला बंदी केली. बायकांना मात्र १९२० उजाडावं लागलं. गंमत म्हणजे न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या एकट्या बायका १७७६ पासून मत देऊ शकत होत्या, १८०७ मध्ये तो हक्क काढून घेतला. म्हणजे हक्क मिळाला की कायमचा राहतो असंही नाही.

एकोणिसाव्या दुरुस्तीची गोष्ट मुलांना सगळ्यात आवडली. ४८ पैकी ३६ राज्यं हवी होती, ३५ झाली होती. टेनेसी राज्यात मत अगदी काठावर. हॅरी बर्न नावाचा २४ वर्षांचा सर्वांत तरुण सदस्य विरोधकांचं लाल गुलाब लावून आला होता. त्याच्या खिशात आईचं पत्र होतं: बायकांच्या बाजूने मत दे. त्याने ऐन वेळी बाजू बदलली आणि दुरुस्ती मंजूर झाली. कारण विचारलं तर म्हणाला, आईचा सल्ला मानावा. मी लेकीकडे पाहिलं, ती हसत होती. पण हेही सांगितलं, की दक्षिणेतल्या काळ्या बायकांना खऱ्या अर्थाने मत मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला. आपल्या आज्यांना १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं. त्यासाठी डॉ. आंबेडकर आणि त्या घटना समितीचे उपकार मानावेत तेवढे थोडे. आणि हे बाबासाहेब शिकले होते ते याच अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात.

शेवटचा धडा आपल्या लोकांचा होता. १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांना नागरिकत्व मिळे. भगतसिंग थिंड हे पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिक झालेल्या काही भारतीयांचं नागरिकत्वही काढून घेतलं. १९४६ मध्ये तो कायदा बदलला, पण वर्षाला १०० जणांपुरतं दार उघडलं. मोठं दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. आपल्या ओळखीतले जे डॉक्टर-इंजिनिअर गेले, ते त्यानंतरचे.

तेव्हा मला एक गोष्ट लख्ख कळली. माझी नातवंडं तिथे जन्मली म्हणून नागरिक आहेत, ते चौदाव्या दुरुस्तीमुळे. ती दुरुस्ती झाली ओनी जजसारख्यांच्या लेकरांसाठी. १८९८ मध्ये वोंग किम आर्क नावाच्या, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी आई-बापांच्या मुलाने लढून ती आशियाई लोकांनाही लागू करून घेतली. आपली मुलं ज्या पंक्तीत बसली, ती पंक्ती दुसऱ्यांनी रक्त आणि घाम गाळून मांडलेली आहे. मी नातवंडांना बजावलं, काळ्या माणसांविषयी कुणी हलकं बोललं, आपल्यातलंच कुणी बोललं, तरी हे आठवा.

नोव्हेंबरात लेकीची परीक्षा झाली. पहिले सहाही प्रश्न बरोबर आले. शपथविधीला आम्ही सगळे गेलो. कुठकुठल्या देशांची माणसं हात वर करून उभी होती. शपथेत आधीच्या देशावरची निष्ठा सोडतो असं म्हणावं लागतं, आणि आपला कायदाही दोन नागरिकत्वं मानत नाही. तिच्या तोंडून ते शब्द ऐकताना माझ्या पोटात तुटलं. पहिल्या पासपोर्टचा अर्ज आम्ही सांगलीत घरीच भरला होता, फोटो तीनदा काढला होता. काही आठवड्यांनी तोच पासपोर्ट रद्दचा शिक्का घेऊन परत आला. आता तिच्याकडे ओसीआय कार्ड आहे. येता येतं, राहता येतं, मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

नातवाने हिशेब केला, "आईला भारतात मत नाही. तुला इथे मत नाही. मला अठराव्या वर्षी मिळेल. मग आजी, तुझ्या वाटचं मी विचार करून देऊ का?" मी म्हटलं, "माझ्या वाटचं नको, तुझंच विचार करून दे. आणि मी माझं सांगलीत देते."

वर्षाअखेर तपासणीला आलेल्या बाईंनी मुलांची फाईल पाहिली. आईस्क्रीमचा कायदा, न्यायालयाचा निकाल, सगळं चिकटवलेलं होतं. त्यांनी नातीला विचारलं, तीन अंगं वेगळी का? ती म्हणाली, "किल्ली आणि वही एकाच हातात नको म्हणून." लेकीने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी देवपूजेची तयारी करत होते. डोळे भरून आले. शाळेचा प्रश्न त्यानंतर मी काढला नाही.

परत आल्यावर मी आपल्या घटनेचं मराठी पुस्तक विकत आणलं. रोज दुपारी दोन पानं वाचते. तुमच्याही घरी सुट्टीत नातवंडं येतील. पत्ते, कॅरम होतंच. एक दुपार घरातच संसद भरवून पाहा. नियम कोण करणार, पाळायला कोण लावणार आणि चुकलं तर निवाडा कोण करणार, हे मुलांनाच ठरवू द्या. कुणाचं मत मोजायचं राहून गेलं, हा प्रश्न मात्र तुम्ही विचारा.

जय जिनेंद्र.